तारापूरचे खोटे आठ आणे

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी एक गोष्ट शिकले. यांचा सदरा धुवायला टाकण्याआधी अंगणात नेऊन झटकायचा. बाह्यांच्या दुमडीत, खिशाच्या तळाशी पोलादाचा बारीक कीस अडकलेला असे. न झटकता सदरा चोळला की तो बोटांत शिरायचा. माझं माहेर पालघरचं. वडील कचेरीत कारकून, त्यांच्या कपड्यांना फार तर शाईचा डाग पडायचा. तारापूरला मी आले ती अशा घरात, जिथे भाकरी खाताना मध्येच दाताखाली काहीतरी करकन वाजे आणि सासूबाई म्हणत, "थुंक गो, लोखंड हाय."

आमच्याकडे ठसे कोरायचं काम होतं. चिंचणी-तारापूरच्या बाजूला हे काम करणारी बरीच घरं. सोनाराला मणी, फुलं, पानं घडवायची असली की तो दर वेळी हाताने नक्षी काढत बसत नाही. पोलादाच्या ठोकळ्यात ती नक्षी उलटी, खोलगट कोरलेली असते. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून वरून ठोकलं की पत्र्यावर नक्षी उठते. तो ठोकळा म्हणजे ठसा. मुंबईचे सराफ त्याला डाय म्हणत. हे खिडकीपाशी बसून एका डोळ्याला भिंग लावत आणि तांदळाएवढ्या जागेत मोगऱ्याच्या पाकळ्या कोरत.

हे फार कमी बोलायचे. आमचं लग्न ठरवून झालेलं, त्याआधी मी यांना एकदाच पाहिलं होतं, तेही पोह्यांच्या बशीवरून. पहिले कितीतरी दिवस मला वाटायचं की मी यांना पसंत नाही. मग एका सकाळी चुलीजवळ, मिठाच्या बरणीशेजारी, मला शिशाचं एक इवलंसं फूल सापडलं. नवा ठसा कोरून झाला की तो नीट उतरलाय का, हे बघायला त्यावर शिशाचा तुकडा ठोकून पाहतात. तसं ठोकून काढलेलं ते फूल होतं. मी ते घेऊन खिडकीपाशी गेले आणि विचारलं, "अहो, हे तुमचं राहिलं का तिथं?"

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "नाय. तुझंच हाय."

त्यानंतर प्रत्येक नव्या ठशाचं पहिलं फूल, पहिलं पान चुलीजवळ येऊन पडू लागलं. मी ती एका पत्र्याच्या डबीत ठेवायची. सासूबाई ते बघायच्या आणि मिठाची बरणी हलवताना सांभाळून हलवायच्या.

मग सुवर्ण नियंत्रणाचा कायदा आला. चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही, असं ठरलं. सोनारांची दुकानं बसली आणि सोनारांबरोबर आम्हीही बसलो. मुंबईहून निरोप येणं थांबलं. हे पितळेच्या दागिन्यांचे, बटणांचे, नाहीतर देवाच्या टाकांचे ठसे कोरत. त्यात पोट भरत नव्हतं, पण हात चालू राहत होता. त्याच सुमाराला घिवलीच्या बाजूला, समुद्राकाठी, अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं. आमच्या बाजूला सगळे त्याला 'ॲटमिक' म्हणत. बोईसर स्टेशनावर उतरणारी माणसं बदलली. आधी तिथे भाजीच्या पाट्या, गवताचे भारे आणि आम्हीच. आता हिंदी बोलणारे, तेलुगू बोलणारे, पगडीवाले, डोक्यावर ट्रंका घेऊन आलेले. रेल्वेच्या कडेला झोपड्या उठल्या, खानावळी निघाल्या. पगाराच्या दिवशी बोईसरपासून तारापूरपर्यंत बाजारात चालायला जागा नसे.

आणि त्या गर्दीत कधीतरी खोटे आठ आणे आले.

तेव्हा नवे पैसे येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी पन्नास पैशाला आम्ही आठ आणेच म्हणायचो. खोटं नाणं दिसायला जवळजवळ तसंच होतं, जरा मळकट, हाताला किंचित गुळगुळीत. दगडावर टाकलं की कळायचं. खरं नाणं खणकन वाजायचं आणि खोटं चिखलात पडल्यासारखं थप्प करून तिथंच बसायचं. आमच्या वाण्याने दुकानाच्या फळीवर अशी नाणी खिळे मारून ठोकली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावीत म्हणून. एस.टी.चा कंडक्टर नाणं घेतलं की शिट्टीवर आपटून बघायचा. कुणी सापडलेलं खोटं नाणं देवाच्या पेटीत टाकून मोकळं व्हायचं, कुणी अंधुक उजेडात दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं. ज्याच्याकडे ते शेवटी राही तो शिव्या देई आणि मग तोही अंधार पडायची वाट बघे. आमच्या सासूबाईंना भाजीच्या सुट्ट्यात एक मिळालं, तेव्हा त्यांनी ते यांच्यापुढे टाकलं. "बघ रं, काय हाय ह्ये."

यांनी भिंग लावून नाणं उलटसुलट केलं. "ओतलेलं हाय," म्हणाले. "मातीच्या साच्यात. कडा बघ कशी खचलीये." आणि बाजूला सारत तोंड वाकडं केलं, जसं सुगरणीने कुणाचं करपलेलं कालवण बघून करावं. "हात वाईट हाय ह्याचा."

सासूबाईंनी ते नाणं मागच्या दारी नेऊन आडात टाकलं. "कुनाच्या हातात परत जायला नको," म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळची न्याहारी चालली असताना, दाराशी जीप थांबली. पालघरहून फौजदार आले होते, दोन शिपाई घेऊन. फौजदार वयाने यांच्याएवढेच असतील. आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत. "तुम्ही ठसे करता ना? जरा बघायचं आहे," एवढंच म्हणाले.

शिपायांनी खिडकीजवळचं सगळं सामान बाहेर काढलं. छिन्न्या, कानशी, भाता, कोरलेले-न कोरलेले ठोकळे, शिशाच्या वड्या. मग घरात शिरले. एका शिपायाला फडताळात माझी डबी सापडली. त्याने ती उघडून फौजदारांच्या तळहातावर ओतली. माझी मोगऱ्याची फुलं, पिंपळपानं, एक मोर, एक मासा, सगळं शिशाचं. खोटी नाणीही शिशाचीच होती.

"हे शिसं कोणाचं?" फौजदारांनी विचारलं.

हे काही म्हणायच्या आत मी म्हणाले, "माझं."

"तुमचं? तुम्ही काय करता शिशाचं?"

आता काय सांगायचं? दोन परके शिपाई उभे, सासूबाई उभ्या, दाराशी शेजारपाजार जमलेला. मी म्हणाले, "ठेवते." शिपाई हसला. फौजदारांनी मात्र एक फूल उचलून बराच वेळ बघितलं. मग खिशातून एक नाणं काढून यांच्यापुढे धरलं. खोट्यांतलंच एक होतं.

"हे बघा. असं काम तुम्हाला येईल का?"

यांनी नाणं हातात घेतलं, बोट फिरवलं आणि अगदी सरळ सांगितलं, "याच्यापेक्षा बरं येईल."

फौजदारांनी डोळे बारीक करून यांच्याकडे पाहिलं. यांच्या चेहऱ्यावर ना भीती, ना बढाई. कुणी विचारावं, तुम्हाला पोहता येतं का, आणि समुद्राकाठच्या माणसाने हो म्हणावं, तसंच ते होतं.

"चला मग आमच्याबरोबर," फौजदार म्हणाले.

सासूबाई पुढे झाल्या. "सायेब, त्याची भाकरी अर्धी राह्यलीये. खाऊन येऊ द्या."

फौजदार थांबले. हे परत पाटावर बसले, पण भाकरीला हात लावला नाही. शेवटी सासूबाईंनी उरलेली भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून जीपमध्ये यांच्या मांडीवर ठेवली. सामान आणि माझी डबी यांच्या पायाशी होती. जीप गेली तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "तू पालघरला जा माहेरी. तिथून त्याला घरचं जेवन तरी जाईल. माझी काळजी करू नको, मी हाय इथं."

मी एस.टी.ने बोईसरला आणि तिथून गाडीने पालघरला गेले. माहेरी बातमी माझ्याआधी पोचली होती. आईने मला जवळ घेतलं, रडली आणि रडता रडता बोलून गेली, "आपलंच नाणं खोटं निघालं, दुसऱ्याला काय बोलायचं!" तिच्या मनात वाईट नव्हतं. लेकीचं नशीब खोटं निघालं, असं तिला म्हणायचं होतं. पण मला ते फार लागलं. मी तिचा हात सोडवला आणि डबा भरायला चुलीपाशी गेले.

वडील ज्या कचेरीत काम करायचे, ती पोलीस ठाण्याच्याच आवारात होती. त्यांचा जावई कोठडीत आहे हे सगळ्या टेबलांना ठाऊक झालं होतं. ते कामावर जात होते, परत येत होते, पण वाटेत कुणाशी बोलत नव्हते. त्यांच्या ओळखीचे एक वकील होते. त्यांनी वडिलांना सांगितलं, की पोलिसांकडे तसा काही पुरावा नाही. शिसं काय, कुणाकडेही असतं. अडचण फक्त त्या एका वाक्याची आहे. माणूस स्वतःच म्हणतो की मला खोटं नाणं करता येतं. कोर्टाने आणखी काही दिवस कोठडी दिली तीही त्याच्यावरच. "जावईबापूंना सांगा, म्हणावं मी घाबरून काहीतरी बोललो. मला असलं काम येत नाही. एवढं बोलले की झालं."

दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर मी तो निरोप घेऊन गेले. ठाण्यात ओळखीने मला कोठडीच्या गजांपर्यंत जाऊ दिलं. हे भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढली होती. मला बघून उठले आणि पहिला प्रश्न विचारला, "आई एकटीच हाय?"

"हो. त्यांनीच मला पाठवलं. हे खाऊन घ्या आधी."

ते खात होते तेव्हा मी वकिलांचं म्हणणं सांगितलं. मोठ्या आशेने सांगितलं. मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना हायसं वाटेल.

त्यांनी घास खाली ठेवला. "पन मला येतंय की."

"अहो, येतंय म्हणून करता थोडंच? नुसतं नाही म्हणायचं."

"येत असताना येत नाय कसं म्हणू?"

"तुमच्या या एका शब्दासाठी आम्ही सगळे..." राग आला होता आणि रडूही. "लग्न झाल्यापासून चार शब्द बोलला नाहीत, आणि बोललात तर हे!"

ते गजांजवळ आले. पोलादात काम करून त्यांच्या बोटांची टोकं काळी पडली होती, कितीही धुतली तरी ती तशीच राहायची. ती बोटं त्यांनी माझ्या बोटांवर ठेवली. लग्नानंतर चारचौघांत त्यांनी मला हात लावला तो तेव्हाच.

"ऐक," ते म्हणाले. "माझ्या बानं मला सोळा वर्षं बसवून हा हात दिला. आज भिऊन मी म्हनलं की मला येत नाय, तर उद्या खिडकीत बसून मी काय करू? ठसा खोटा बोलला तर चालत नाय. उलटा असतो, पन खोटा नसतो."

त्यांच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी रिकामा डबा घेऊन बाहेर आले. उन्हात थोडा वेळ उभी राहिले. राग गेला नव्हता. पण त्या रागाच्या आत काहीतरी दुसरंच होतं, आणि ते मला सगळ्यांपासून लपवून ठेवावंसं वाटत होतं, डबीतल्या फुलांसारखं.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. मला वाटलं ते संतापतील. ते झोपाळ्यावर बसले होते, पाय टेकवून त्यांनी झोका थांबवला. म्हणाले, "असं म्हणाले? येत असताना येत नाही कसं म्हणू?"

"हो."

"हं." मग चष्मा काढून पुसला. "उद्या डबा मी नेतो."

आणि खरोखरच नेला. कचेरीतून सगळ्यांच्या देखत, टोपी घालून, हातात डबा घेऊन ते ठाण्यात गेले. परत आल्यावर आईला म्हणाले, "त्यांना वांग्याचं भरीत आवडतं. तुझ्या हातचं तिखट पडतं, एवढं सांगितलं. मोकळेपणी सांगितलं." त्यानंतर आईने पुन्हा कधी खोट्या नाण्याचा शब्द काढला नाही. भरीत मात्र कमी तिखट करू लागली.

मधल्या एका दिवशी सासूबाईंना बघायला मी तारापूरला गेले. घरात मीठ-मिरची संपली होती, म्हणून बाजारात उतरले. वाणी आमच्या ओळखीचा, यांच्या वडिलांपासूनचा. मी नाणं दिलं. त्याने ते हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "राग मानू नका वहिनी." आणि दगडावर टाकलं. नाणं खणकन वाजलं. त्याने सोडलेला सुस्कारा मला ऐकू आला. दुकानात आणखी दोघी होत्या, त्यांनी माना वळवल्या. मी मीठ घेतलं आणि निघाले. सासूबाईंना कालवणाला दोन बोंबील घ्यावेत म्हणून मासळीच्या ओळीपाशी थांबले, पण पुढे पाऊल पडेना. आता इथेही वाजवून घेणार, असं वाटत होतं.

घिवलीची एक मासळीवाली आमच्याकडे अधूनमधून पाटी घेऊन यायची. रुंद हाडाची, मोठ्या आवाजाची बाई. तिने मला उभं असलेलं बघितलं. "काय गो वैनी, तिथं काय उभी? ये ना. तुझी सासू जेवते का नाय?"

तिने मोजल्याशिवाय बोंबील माझ्या पिशवीत टाकले. मी आठ आणे पुढे केले. तिने ते माझ्या हातातून घेतले आणि न बघताच कमरेच्या पिशवीत सरकवले.

शेजारची बाई हळूच म्हणाली, "बघून घे गो."

"काय बघू?" हिचा आवाज सगळ्या ओळीला ऐकू गेला. "त्येंच्या घरचं हाय. त्येच्या बापाच्या ठशाचे मनी माझ्या आईच्या गल्यात होते, ते कदी काले नाय पडले. आन मी आता त्येंचा पैसा वाजवू?"

मी घरी आले आणि सासूबाईंपुढे बोंबील ठेवून रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. सासूबाईंनी बोंबील साफ करायला घेतले.

आणखी काही दिवसांनी हे सुटले. खोटी नाणी करणारे दोघे जण होते. केंद्राच्या कामावर आलेल्या गर्दीबरोबर आले होते आणि बोईसरला रेल्वेकडेच्या एका झोपडीत राहत होते. पोलिसांची चाहूल लागताच पळाले, ते उत्तरेकडच्या कुठल्याशा स्टेशनावर साच्यांसकट पकडले गेले. फौजदारांनी यांना बोलावून सांगितलं, "घरी जा. मनात काही ठेवू नका. आम्हाला विचारावं लागतं." छिन्न्या, कानशी, ठोकळे परत मिळाले. माझी डबी मात्र मिळाली नाही. कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना. फौजदार स्वतः शोधायला उठले होते, असं हे म्हणाले.

वाटलं होतं, हे सुटले की सगळं संपेल. पण गावाला थट्टा सापडली होती. हे रस्त्याने निघाले की कट्ट्यावरून कुणीतरी हाक मारी, "काय टाकसाळ, आज किती पाडले?" लोक हसत, त्यांच्या मनात फारसं काही नसे. हेही ओठ हलवून हसल्यासारखं करत आणि खाली बघून चालू लागत. मुंबईच्या सराफांच्या कानावरही गोष्ट गेली होती. पितळेचं काम देणाऱ्या एकाने कळवलं की सध्या गरज नाही.

एके सकाळी यांनी हत्यारं तेल लावून गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. भिंगसुद्धा त्यातच ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ते ठेकेदाराच्या ट्रकने केंद्राच्या कामावर जाऊ लागले. तिथे वर्कशॉपमध्ये हत्यारांना धार लावायचं, वाकलेल्या सळया सरळ करायचं काम होतं. पगार वेळेवर मिळायचा. घर नीट चालू लागलं. पण संध्याकाळी परत आले की खिडकीकडे पाठ करून बसायचे. मी एकदा म्हणाले, "रविवारी तरी कोरा ना काहीतरी. घरच्यापुरतं." ते म्हणाले, "कशाला? उगाच कुनी विचारलं तर पुन्हा खरं सांगावं लागेल." हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही.

त्यानंतर सोन्याचा कायदा सैल झाला. पुन्हा पहिल्यासारखे दागिने घडवायला मुभा मिळाली. आजूबाजूच्या ठसेवाल्यांच्या खिडक्यांतून टाकटुक ऐकू येऊ लागली. यांच्यासाठीही एक-दोन निरोप आले. यांनी नाही म्हणून कळवलं.

एका दुपारी, यांची सुट्टी असताना, ती घिवलीची मासळीवाली आली. या वेळी डोक्यावर पाटी नव्हती. स्वच्छ लुगडं नेसून, केसांत फूल माळून आली होती. ओटीवर बसली, पाणी प्यायली आणि यांना म्हणाली, "भाऊ, माझ्या पोरीचं लगीन ठरलं. सोनाराला सोनं दिलंय मी. त्यो म्हनतो ठसा आन. मला तुमच्या हातचा पायजे."

हे म्हणाले, "मी नाय करत आता. चिंचणीला चांगले कारागीर हायत, मी सांगतो त्यांना."

"त्ये मला ठावं हाय. चिंचनी काय मला दूर नाय."

"मग?"

"मग काय? माझ्या आईच्या गल्यात तुमच्या बापाच्या ठशाचे मनी होते. पोरीच्या गल्यात तुमच्या ठशाचे पायजेत. इचार करा. मी परत येते." आणि उठून गेली. आग्रहाचं आणखी बोललीच नाही.

ती गेल्यावर मी यांना बाजारातली ती गोष्ट सांगितली. तोपर्यंत सांगितली नव्हती. वाण्याचं सांगावं लागलं असतं, आणि ते मला सांगायचं नव्हतं. आता दोन्ही सांगितलं. दगडावर वाजलेलं नाणंही आणि न वाजवता कमरेला लावलेलंही. हे एवढंच म्हणाले, "न बघता घेतलं?"

"बघितलंसुद्धा नाही. आणि बघून घे म्हणणारीला सगळ्यांदेखत बोलली."

ते उठले आणि अंगणात जाऊन येरझाऱ्या घालत राहिले. सासूबाई आतून माझ्याकडे बघत होत्या. मग शिडी लावल्याचा आवाज आला.

त्या मण्यांच्या ठशाला यांनी खूप वेळ घेतला. कामावरून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी बसायचे. हात सळयांच्या कामाने जड झाला होता. पहिला ठोकळा बिघडला. दुसराही मनासारखा उतरला नाही, म्हणून स्वतःच घासून टाकला. तिसऱ्यावर भाताच्या लोंबीची नक्षी कोरली. त्यातला एकेक दाणा सुटा दिसत होता. पोलाद तापवून लाल केलं, पाण्यात बुडवून टणक केलं आणि मग मला हाक मारली. "हिकडं ये. बघ कसं वाटतंय." तोवर त्यांनी कधी मला काम दाखवून मत विचारलं नव्हतं. मी भिंग डोळ्याला लावलं, पण मला आधी काही दिसेना, कारण डोळ्यांत पाणी होतं. "लोंबी जरा वाकायला हवी का?" मी उगाचच काहीतरी विचारलं. त्यांनी गंभीरपणे परत बघितलं आणि म्हणाले, "नाय. दाने भरतायत अजून, कापायला आलेली नाय." पुढे त्या ठशाने कितीतरी मुलींचे मणी झाले. हळूहळू केंद्राचं काम सोडून हे पुन्हा खिडकीतच बसू लागले.

लग्नाला आम्हाला घिवलीला बोलावणं होतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाळूतच मांडव घातला होता. वारा इतका, की मांडवाचं कापड सारखं फडफडायचं आणि बायकांची लग्नाची गाणी मध्येच वाऱ्याबरोबर निघून जायची. हे पुरुषांत बसले होते. नवरी बाहेर आली तेव्हा सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते आणि हे एकटे मान पुढे काढून तिच्या गळ्याकडे. मासळीवालीने ते बघितलं आणि भर मांडवात ओरडली, "अवो भाऊ, पोरीच्या तोंडाकडं बगा की! मनी काय, तुमचेच हायत, कुठं जात नाय!" सगळा मांडव हसला.

जेवणाच्या वेळी तिने यांना हाताला धरून वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांच्या पंगतीत नेऊन बसवलं. नवऱ्या मुलाच्या काकाने विचारलं, हे कोण? ती भाताचं घमेलं कमरेवर घेऊन उभी होती. म्हणाली, "ह्ये आमचे ठसेवाले. तारापूरचे."

यांनी मान खाली घातली आणि भात कालवायला घेतला. मी समोर बायकांच्या ओळीत बसले होते. तिथून मला यांचे लाल झालेले कान दिसत होते.